ग्रीन कार्डवाल्यांना ३६४ दिवसांची सूट कुणी दिली?

माझी मावशी ग्रीन कार्डवर, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यावर, मुलाकडे राहते. तिचं भारतातून परतीचं तिकीट २० फेब्रुवारी २०२५ चं होतं. त्याच्या दोन आठवडे आधी तिचा तासगावहून फोन आला. "अगं, तिकीट मे महिन्याच्या अखेरीचं करून घेतलंय. भाचीचं लग्न उरकते, आंबे खाते आणि मग येते. ३६४ दिवस चालतात म्हणे, ग्रुपवर आलंय."

ती १ सप्टेंबर २०२४ ला गणपतीसाठी गेली होती. आली २८ मे २०२५ ला. जवळपास नऊ महिने झाले. त्या नऊ महिन्यांतल्या शेवटच्या तीन महिन्यांची किंमत काय, हे सांगायला मी तिच्याजवळ नव्हते. ग्रुप मात्र होता.

ग्रुपवरच्या त्या मेसेजचं नाव आहे ‘अमेरिकन सिटिझनशिपचे नियम, जे वकील तुम्हाला सांगत नाहीत’. त्यात नऊ मुद्दे आहेत आणि खाली हात जोडून विनंती आहे की जास्तीत जास्त ज्येष्ठांपर्यंत पोहोचवा. तो पोहोचला आहे. मावशीच्या भजनी मंडळात आला, माझ्या नणंदेच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या दोन घरांत आला. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण सत्तरीच्या आसपासची माणसं तो वाचून तिकिटं बदलत आहेत, रिटर्न भरत आहेत, कागदांवर सह्या करायला निघाली आहेत. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मी वकील नाही. २०१८ मध्ये मी माझा स्वतःचा एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरला, नंतर घरातल्या आणखी दोघांचे भरले. माझा आधार एकच आहे आणि तो भक्कम आहे: यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याच्या, पॉलिसी मॅन्युअलचा १२ वा खंड. हा पूर्ण खंड नागरिकत्वावर आहे. इंटरव्ह्यू घेणारा अधिकारी त्यानुसारच चालतो आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. मेसेजातले मुद्दे मी त्यांच्या क्रमाने घेणार नाही. ज्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय तो आधी.

"वर्षातून एकदा अमेरिकेत पाऊल ठेवलं की पाच वर्षं मोजली जातात. ३६४ दिवस बाहेर राहिलं तरी काही होत नाही."

या दोन वाक्यांत तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. पहिला: ग्रीन कार्ड शिल्लक राहतं का? दुसरा: नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटतं का? तिसरा: अमेरिकेत प्रत्यक्ष हजेरीचे दिवस पुरे भरतात का? तिघांची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर घेऊन उरलेल्या दोघांवर चिकटवलं की हा मेसेज तयार होतो.

सोपा तिसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तिथे फक्त बेरीज करायची आहे. सर्वसाधारण नियमाने अर्ज करणाऱ्याला अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांपैकी निम्मे दिवस, म्हणजे किमान ३० महिने, देहाने अमेरिकेत असावं लागतं. दिवसांत सांगायचं तर ९१३. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस दोन्ही हजेरीत धरतात, एवढीच सवलत. आता मेसेजातला ‘पाऊल ठेवण्याचा’ हिशेब करून बघा. समजा एखादे आजोबा दर सहा महिन्यांनी तीन आठवडे मुलाकडे येऊन जातात. वर्षाचे सहा आठवडे, पाच वर्षांचे तीस आठवडे, म्हणजे २१० दिवस. हवेत ९१३. हे कळायला वकील कशाला लागतो? आपल्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठांचा शिरस्ता असतो की गणपतीला जायचं आणि आंबे संपवून यायचं. म्हणजे वर्षाचे आठ महिने तिकडे, चार इकडे. पाच वर्षांत वीस महिने. तेही बसत नाही.

दुसरा प्रश्न सलग वास्तव्याचा, आणि मावशी इथेच अडकली. १२ व्या खंडातल्या डी भागाचं तिसरं प्रकरण उघडा. सहा महिन्यांपेक्षा जास्त पण एका वर्षापेक्षा कमी काळ सलग बाहेर राहिलात, तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. वर्षाच्या आत आलं म्हणून सगळं माफ, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. सहा महिने ओलांडले की तुटलं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

आता जे खरं आहे तेही सांगते. ‘गृहीत धरलं जातं’ याचा अर्थ ‘संपलं’ असा होत नाही. ते खोडून काढता येतं. अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती आणि बाहेर नवी धरली नव्हती, जवळचं कुटुंब अमेरिकेतच होतं, इथलं घर तुमच्यासाठी तसंच उघडं होतं, अशा गोष्टी कागदांनिशी दाखवायच्या. मावशीच्या बाबतीत त्यातल्या काही आहेत. तिचा मुलगा आणि नातवंडं न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत, त्या घरात तिची स्वतःची खोली आहे, बँकेचं खातं इथलं आहे, विमा इथला आहे, दर वर्षीचं टॅक्स रिटर्न भरलेलं आहे. तिचं म्हणणं मान्य होईलही. पण २० फेब्रुवारीच्या विमानात ती बसली असती तर यातलं काहीच दाखवावं लागलं नसतं! सप्टेंबर ते फेब्रुवारी सहा महिन्यांच्या आत होतं. त्या एका मेसेजने तिच्या गळ्यात हे ओझं अडकवलं.

आणि सहा महिन्यांच्या आतल्या फेऱ्यांनाही निर्धास्त राहू नका. पाच महिने बाहेर, तीन आठवडे आत, पुन्हा पाच महिने बाहेर अशी रांग लागली असेल, तर एकही फेरी सहा महिन्यांची नसतानाही अधिकारी विचारू शकतो की तुम्ही राहता तरी कुठे?

वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात, तर मात्र गृहीत धरण्याचा प्रश्नच उरत नाही. वास्तव्य तुटलं. परत आल्यावर ४ वर्षं आणि १ दिवस थांबल्यानंतरच पुन्हा अर्ज करता येतो, आणि तेव्हाही मागच्या पाच वर्षांच्या हिशेबात त्या गैरहजेरीचा मोठा तुकडा शिल्लक असतो. त्यामुळे पुराव्याचं ओझं नको असेल तर साधारण साडेचार वर्षं थांबावं लागतं. अमेरिकन सरकारच्या, अमेरिकन कंपनीच्या किंवा धर्मसंस्थेच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना एन-४७० फॉर्म भरून वास्तव्य राखता येतं. लग्नासाठी, शेतीसाठी, आजारपणासाठी गेलेल्या मावशी-काकांना तो नाही.

राहिला पहिला प्रश्न, कार्डाचा. ३६४ हा आकडा बहुधा तिथून आला आहे. एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, हे खरं. पण त्यावरून वर्षाच्या आत सगळं माफ असं ठरत नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून आलेल्या कार्डधारकाकडे कायदा नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून बघू शकतो. विमानतळावरच्या प्रश्नांचा सूर त्यामुळे बदलतो. कार्ड राहतं की जातं हे शेवटी तुमचं घर खरोखर कुठे आहे यावर ठरतं, आणि नऊ महिने घर बंद ठेवून गेलेल्या माणसाला त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

इथे एक गोष्ट प्रत्येक ज्येष्ठाला सांगून ठेवा. विमानतळावर कुणी आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला, तर तो ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडून देण्याचा फॉर्म असतो. त्यावर सही करणं बंधनकारक नाही. ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडायचं आहे’ हे एक वाक्य पाठ करून ठेवा, इंग्रजीत. बारा-चौदा तासांच्या प्रवासानंतर, झोप नसताना, समोर गणवेशातला माणूस असताना आपले लोक जिथे बोट दाखवलं तिथे सही करतात.

"री-एंट्री परमिट काढलं की दोन वर्षं बाहेर राहूनही दिवस मोजले जातात."

साफ खोटं. री-एंट्री परमिट कार्ड वाचवायला मदत करतं. अमेरिका सोडण्याआधी त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि सहसा ते दोन वर्षांचं मिळतं. त्या दोन वर्षांत तुमचं कार्ड सांभाळलं जाईल. नागरिकत्वाचं सलग वास्तव्य मात्र ते सांभाळत नाही, आणि हजेरीचे ९१३ दिवसही भरून देत नाही.

"भारतात राहत असाल तर टॅक्स रिटर्न नॉन-रेसिडेंट म्हणून भरा, पैसे वाचतात."

हा सल्ला देणाऱ्याने स्वतः असं भरलं असेल तर देव त्यांचं भलं करो. ग्रीन कार्डधारकाला जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत हिशेब द्यावा लागतो. मी नॉन-रेसिडेंट आहे असं टॅक्सच्या कागदावर लिहून दिलं, किंवा तसं समजून रिटर्न भरलंच नाही, तर तुम्ही कायमचं वास्तव्य सोडलं असं मानायला नागरिकत्वाचा अधिकारी तोच कागद वापरू शकतो. नियमांत तसं स्पष्ट लिहिलं आहे. भाड्याच्या उत्पन्नावरचा थोडा टॅक्स वाचवायला आपल्याच हाताने आपल्याविरुद्धचा पुरावा लिहून द्यायचा, हा कसला शहाणपणा?

"मुलगा सिटिझन असेल तर आईवडिलांना तीन वर्षांत सिटिझनशिप."

नाही. तीन वर्षांचा नियम नवरा-बायकोचा आहे. जोडीदार किमान तीन वर्षं अमेरिकन नागरिक असावा, तेवढा काळ त्याच्यासोबत संसार चालू असावा, आणि हजेरी १८ महिन्यांची हवी. मुलाच्या अर्जावर ग्रीन कार्ड आलं म्हणून आईवडिलांची पाच वर्षं कमी होत नाहीत. अर्ज मात्र पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधीपासून टाकता येतो. मेसेजात ‘सहा महिने आधी’ लिहिलंय. तसा टाकलात तर अर्ज नामंजूर होईल आणि फीही जाईल. आणि अर्ज टाकला की मोकळे झालो असं समजून लांबच्या मुक्कामाला जाऊ नका. सलग वास्तव्य नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवसापर्यंत टिकावं लागतं.

"वय ५५ झालं की टेस्ट माफ. नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी आणा."

यात अर्ध सत्य आहे आणि तेच अर्ध सत्य लोकांना वर्षानुवर्षं थांबवून ठेवतं. इंग्रजीची अट सुटते, पण वयाला ग्रीन कार्डाच्या वर्षांची जोड लागते. वय ५० आणि कार्ड असून २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं. अर्जाच्या दिवशी दोन्ही हवं. मावशीचं वय ६७, पण कार्ड २०१६ चं. तिला ही सूट २०३१ पर्यंत मिळणार नाही. आपल्या बहुतेक आईवडिलांचं असंच असतं. साठीच्या आसपास कार्ड येतं आणि ‘आता वय झालं, टेस्ट माफ’ म्हणून ते वाट बघत बसतात. मावशी २०२१ मध्येच अर्ज करू शकली असती. चार वर्षं ती असल्याच एका मेसेजवर विसंबली. तेव्हाचा मेसेज वेगळा होता, चूक हीच होती.

दुसरं, ही सूट फक्त इंग्रजीची आहे. नागरिकशास्त्राचे प्रश्न सुटत नाहीत. ते मराठीत विचारले जातात, त्यासाठी दुभाषा आपल्याला न्यावा लागतो. वय ६५ आणि कार्ड २० वर्षांचं असेल तर २० ठरावीक प्रश्नांमधून १० विचारतात आणि ६ बरोबर आले की पुरे. बाकीच्यांसाठी मेसेजात ‘१०० पैकी १० प्रश्न’ लिहिलंय, तेही जुनं झालं. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर टाकलेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू आहे. १२८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. बारा बरोबर आले की अधिकारी थांबतो, नऊ चुकले तरी थांबतो.

इंग्रजी किती लागतं? मी मावशीला कागदावर लिहून दाखवलं. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, तीनपैकी एक वाक्य ऐकून लिहायचं. कोणते शब्द येऊ शकतात त्याची यादी यूएससीआयएसने आधीच दिलेली आहे. वाक्यं अशी असतात की वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष होते, किंवा नागरिकांना मतदान करता येतं. बाकी अर्जावरच्या प्रश्नांना साध्या इंग्रजीत उत्तरं. एखादा भाग पहिल्यांदा जमला नाही तर ६० ते ९० दिवसांत फक्त त्याच भागासाठी पुन्हा बोलावतात. जिने चाळीस वर्षं मराठी शाळेत मुलांना शुद्धलेखन घातलं, तिला तीन वाक्यांची भीती दाखवून घरी बसवलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. वाचणाऱ्यांत कुणाची आई अशी बसली असेल तर आजच ती शब्दांची यादी छापून तिच्या हातात द्या.

डॉक्टरच्या चिठ्ठीबद्दल: एन-६४८ हा फॉर्म असतो. शिकण्याची किंवा लक्षात ठेवण्याची क्षमताच हिरावून घेणारा शारीरिक किंवा मानसिक आजार असेल, तो किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकणारा असेल, तर त्याचा उपयोग होतो. तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने भरायचा. सांगलीच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. वय झालंय, साखर आहे, गुडघे दुखतात, ही कारणं चालत नाहीत. ज्यांच्या घरात खरोखर स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी हा फॉर्म आहे. खोट्या चिठ्ठ्यांमुळे त्यांच्या खऱ्या कागदांकडेही संशयाने बघितलं जातं.

"एक ट्रॅफिक तिकीट असलं तरी सिटिझनशिप कायमची गेली."

नाही. वेगाने गाडी चालवल्याचा साधा दंड भरला म्हणून नागरिकत्व जात नाही. दारू पिऊन गाडी चालवणं मात्र गंभीर आहे, आणि अर्जाआधीच्या पाच वर्षांत त्यासाठी दोनदा शिक्षा झालेली असेल तर नागरिकत्वासाठीच्या चांगल्या चारित्र्याच्या अटीत बसणं फार अवघड होतं. यूएससीआयएसच्या ऑगस्ट २०२५ च्या धोरणपत्रानंतर सवयीने केलेले वाहतुकीचे गुन्हेही अधिकारी विचारात घेऊ शकतात, हे मान्य. पण खरा धोका लपवण्यात आहे. शपथेवर विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं, तर ज्या गोष्टीने काही झालं नसतं तीही गोष्ट अंगाशी येते.

"ग्रीन कार्डवाल्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवावं, अर्जात वजन पडतं."

हे वाचून मी हादरले. हे करू नका. कुणालाही करू देऊ नका. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही मोजक्या गावांत परदेशी नागरिकांना गावापुरतं मतदान करता येतं, तिथून कुणीतरी हे उचललं असावं. देशपातळीवरच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणं हा गुन्हा आहे, आणि बेकायदा मतदानासाठी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. एन-४०० मध्ये थेट प्रश्न आहे की तुम्ही कधी मतदार नोंदणी केली का, कधी मत दिलं का. लायसन्स काढायला गेल्यावर मोटार वाहन कार्यालयाच्या फॉर्मवर मतदार नोंदणीची चौकट असते. आपले आईवडील रांगेत घाईघाईने सगळ्या चौकटींवर खूण करतात. त्यांच्याबरोबर जा, फॉर्म स्वतः वाचा. चुकून नोंद झालीच असेल तर अर्ज करण्याआधी वकील गाठा. या एका मुद्द्यावर वकिलाचे पैसे वाचवू नका.

बाकी ठिकाणी वकील लागतोच असं नाही. मेसेज म्हणतो वकिलाशिवाय अर्ज घेतच नाहीत. घेतात. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दराने ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०, आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर ३८०. मी भरलेले तिन्ही अर्ज वकिलाशिवाय होते. मावशीचा मात्र वकिलाला दाखवणार, कारण आता त्यात नऊ महिने आहेत.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

"अमेरिकन नागरिक झालात की भारतातली वडिलोपार्जित शेती सरकारजमा होते. सात-बारावरचं नाव निघतं. आधीच घरच्यांच्या नावावर करून द्या."

जाणारं काय आहे ते आधी सांगते, कारण तिथे लपवण्यासारखं काही नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट जमा करावा लागतो, भारतातलं मत जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घेतलं तरी मत परत येत नाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी कुणी सिटिझनशिप नको म्हणत असेल तर मला ते समजतं. माझ्या सासूबाईंनी त्याच कारणाने अर्ज केला नाही.

पण शेती जात नाही. १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचं कलम ६, उपकलम ५ वाचा. भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीला भारतातली स्थावर मालमत्ता ठेवता येते, जर ती भारतात राहत असताना मिळवलेली असेल किंवा भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेली असेल. शेतजमीन वगळून असं त्यात म्हटलेलं नाही. वडिलांची शेती मुलीला वारशाने येते, मुलगी अमेरिकन नागरिक असली तरी येते, आणि तिच्या नावावर राहते.

बंदी आहे ती नवीन शेतजमीन विकत घेण्यावर. बक्षीसपत्राने घेण्यावरही आहे. आणि ही बंदी नागरिकत्वाशी जोडलेली नाही, हे या मेसेजच्या लेखकाला ठाऊकच नाही. भारतीय पासपोर्ट असलेला पण परदेशात स्थायिक झालेला माणूसही शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. म्हणजे जो ग्रीन कार्डावर एडिसनला राहतो, त्याच्यासाठी शपथ घेतल्याने या बाबतीत काहीच बदलत नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकावी लागते, आणि महाराष्ट्रात कूळकायद्यामुळे घेणारा शेतकरी असावा लागतो. ही अट तर पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसालाही आहे.

मग ‘आधीच घरच्यांच्या नावावर करून द्या’ हा सल्ला कुणाच्या फायद्याचा? मावशी मेमध्ये परत आली तेव्हा तिच्या पर्समध्ये एक कागद होता. माहेरच्या नात्यातल्या एकाने तिला हा मेसेज दाखवला होता आणि सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा दिला होता. तासगावच्या द्राक्षबागेतला आणि विहिरीतला तिचा हिस्सा, कायमचा, विनामोबदला. "तू तिकडची होणार, सरकार घेण्यापेक्षा घरात राहू दे," असं तिला सांगितलं गेलं. दुय्यम निबंधकांकडे जायची तारीखही ठरली होती. लग्नाच्या गडबडीत राहून गेली.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रं रक्षाबंधनाच्या ओवाळणीसारखी घेतली जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगी मनापासून सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर सरकार जमीन घेईल, ही भीती घालून सही मागणं म्हणजे तिला फसवणं आहे, आणि एकदा नोंदणी झालेला तो कागद सहजी मागे घेता येत नाही.

गेल्या शनिवारी मावशी आणि मी जेवणाच्या टेबलावर तिचे दोन्ही पासपोर्ट उघडून बसलो. जायची तारीख, यायची तारीख, मधले दिवस. गेल्या पाच वर्षांत तिची हजेरी १३०० दिवसांच्या वर भरली. त्याची काळजी नाही. नऊ महिन्यांच्या त्या ओळीपुढे तिने स्वतःच्या अक्षरात पुराव्यांची यादी केली: खोली, बँक, विमा, रिटर्न, नातवाच्या शाळेत तातडीचा संपर्क म्हणून दिलेलं तिचं नाव. शेवटचं तिलाच सुचलं.

हक्कसोडपत्राचा मसुदा त्याच फायलीत मागे लावून ठेवला आहे. त्यावर सही नाही.